मदत हवी आहे: रात्रीच्या जेवणात कच्चं अन्न वाढवायचंय, सुरुवात कुठून करू?

सायलीचा_वेल

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढतेय, सांभाळून घ्या.

घरात आम्ही चौघं. नवरा ४७ वर्षांचा. मे महिन्यात त्याचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.९ आलं आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली. सासूबाई ७६ वर्षांच्या, वर कवळी, खाली मोजके दात. मुलगा सातवीत, पोह्यांवरची कोथिंबीरसुद्धा वेचून ताटाच्या कडेला ठेवणारा. आणि मी डोंबिवलीहून सकाळी आठच्या आत गाडी पकडते, घरात पाऊल टाकते ते साडेसातला.

नवऱ्याच्या चुलतभावाने कुठलंसं शिबिर केलं आणि तेव्हापासून आमच्या फोनवर रोज काही ना काही येऊन पडतं. सूर्यास्तानंतर फक्त कच्चं खा. पंचेचाळीस अंशांच्या वर काही तापवू नका, एन्झाइम मरतात. सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्या, त्यात आवळा, पुदिना, आलं. मोड आलेली कडधान्यं कच्चीच खा. दूध-दही बंद. सासूबाईंचं मत याच्या बरोबर उलट: कच्चं खाल्लं की वात धरतो आणि पावसाळ्यात पालेभाजी तर शिजवल्याशिवाय घरात फिरकायला नको. नवरा दोघांचंही शांतपणे ऐकून घेतो आणि रात्री साडेदहाला शेवेचा डबा उघडतो.

मला कुठला पंथ धरायचा नाहीये. पण तीन पोळ्या, वर भात, बटाट्याची भाजी आणि कडेला काकडीच्या दोन चकत्या हे आमचं रात्रीचं जेवण बदलायला हवं, एवढं कळतं. सॅलड करून पाहिलं. लेट्यूस, ऑलिव्ह वगैरे आणलं. महाग पडतं, आणि घरात कोणी ते जेवण मानायला तयार नाही.

तर अनुभवी लोकांनी कृपया सांगा. रात्रीचं जेवण पूर्ण कच्चं करण्यात काही अर्थ आहे का? नसेल तर किती प्रमाण ठीक? कोशिंबिरीला पाणी सुटतं त्याचं काय करायचं, कारण मला थोडी तयारी सकाळी करून जावी लागेल. पावसाळ्यात भाज्या कशा धुता? मोड आलेली मटकी खरंच कच्ची खायची का? आणि चावता येत नाही अशा माणसाला यातलं काय देता येईल?

---

परसदार

सायलीताई, लेट्यूस सोडा. आपल्या ताटाची डावी बाजू कच्चीच असते, फक्त ती चमचाभर वाढायची सवय लागलीय. ती वाटीभर करा, अर्धं काम झालं.

काकडीपासून सुरू करा. किसू नका, चोचवा. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने वरून जवळजवळ घाव घालायचे, काकडी थोडी फिरवून पुन्हा घाव, आणि मग आडवी धरून वरचा थर तासून काढायचा. तांदळाएवढे तुकडे पडतात. किसलेली काकडी पिचते, तिचं पाणीच पाणी होतं. चोचवलेली करकरीत राहते. माझी आई हे ताटात बसून गप्पा मारता मारता करायची, मला अजून बघूनच करावं लागतं.

पाणी सुटतं ते मिठामुळे. म्हणून मीठ, साखर, लिंबू सगळं पानं घ्यायच्या वेळी. आधी चोचवून फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर वाढण्यापूर्वी हलक्या हाताने पिळा, ते पाणी कणकेत नाहीतर ताकात घाला. दाण्याचं कूट अगदी शेवटी, उरलंसुरलं पाणी तेच पिऊन टाकतं. वरून साजूक तूप, जिरं, हिरवी मिरची यांची फोडणी. चुलतभाऊंना फोडणी चालणार नाही, पण ते तुमच्याकडे जेवायला थोडेच बसणारेत.

बाकी रोज बदलायला: कोबीची पचडी (लिंबू, ओलं खोबरं, मिरची, कोबी केसासारखा बारीक). दह्यातला मुळा. गाजर किसून त्यात लिंबू आणि दाणे. सोलापूरकडे आम्ही कोसंबरी शिकलो शेजारच्या कानडी काकूंकडून: मूगडाळ दोनेक तास भिजवायची, निथळायची, त्यात काकडी किंवा गाजर, खोबरं, कोथिंबीर, मोहरीची फोडणी. डाळीमुळे पोटाला आधार राहतो. उन्हाळ्यात कैरीचा तक्कू आणि आंबेडाळ. आंबेडाळ चैत्रातल्या हळदीकुंकवापुरतीच का ठेवतात मला कळलेलं नाही. भिजवलेली हरभराडाळ, कैरी, भरड वाटण, न शिजवता! भाकरीबरोबर वाटीभर आंबेडाळ हे आमचं एप्रिलमधलं रात्रीचं जेवण असतं.

आणि घोळाणा. मेथी निवडून, धुऊन, अगदी कोरडी करून हाताने तोडायची. कांद्याची पात, दाण्याचं जाडसर कूट, लाल तिखट, मीठ, वरून कच्चं करडईचं तेल, आणि हातानेच घोळायचं. चमच्याने ती चव येत नाही. ज्वारीची भाकरी आणि घोळाणा असला की आमच्याकडे भाजीची आठवणही होत नाही. पण हा थंडीतला प्रकार. आत्ता जुलैत करू नका, त्या बाबतीत तुमच्या सासूबाई बरोबर आहेत.

---

शंकेखोर

पूर्ण कच्च्याच्या नादी लागण्याआधी एक जुनी गोष्ट. १९२९ साली गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला होता. मोड आलेले गहू, मोड आलेले हरभरे, नारळ, मनुका, लिंबू असा आहार. त्यांच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात त्यावर लिहिलं, लोकांना सामील व्हायला सांगितलं. काही महिन्यांतच आमांश झाला आणि त्यांना थांबावं लागलं. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास मात्र गेला नाही, १९४६ साली उरळीकांचनचा आश्रम त्यांनीच सुरू केला. इतक्या निग्रही माणसाचं पोट जिथे टिकलं नाही तिथे आपल्या शेववाल्याचं काय टिकणार!

एन्झाइमच्या गोष्टीला तर काही अर्थ नाही. भाजीतली एन्झाइम ही प्रथिनंच. जठरातल्या आम्लात त्यांचं बहुतेक तुकड्यांत रूपांतर होतं. आपलं अन्न पचवायला आपली एन्झाइम असतात.

---

जिरेगोळी

व्यवसायाने आहारतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण, तुमच्या डॉक्टरांच्या जागी धरू नका.

पहिलं आणि महत्त्वाचं, तो दुधीचा रस. दुधी, काकडी, दोडका, पडवळ या सगळ्या एका कुळातल्या भाज्या, त्यांत कधीकधी क्युकरबिटासिन नावाचं कडू विष जास्त प्रमाणात तयार होतं. कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं असे प्रकार झालेत, मृत्यूही झालेत. त्यामुळेच आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तज्ज्ञांची समिती नेमून सूचना काढल्या: रस काढण्यापूर्वी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, आणि दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका, कारण मिसळला की कडूपणा कळत नाही. तुम्हाला आलेल्या पाककृतीत नेमका आवळा, पुदिना, आलं आहे! शिजवूनही हा कडूपणा जात नाही. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना. मधुमेहाला दुधीच्या रसाने काही विशेष होतं असंही नाही. दुधीची भाजी करा, भोपळ्याचं भरीत करा.

आता कच्चं की शिजवलेलं. दोन्ही लागतं. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि पाण्यात निघून जातं, म्हणून कोबी, कोथिंबीर, कैरी, आवळा, पेरू कच्चे खाण्यात फायदा. उलट गाजरातलं बीटा कॅरोटिन आणि टोमॅटोतलं लायकोपिन शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं, आणि त्याला जोडीला थोडं तेल-तूप लागतंच. म्हणजे गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घालणाऱ्या बायका काही अडाणी नव्हत्या. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

प्रमाण विचारलंत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत याच्या अर्ध्यावरही जात नाही. रात्री माणशी दीडशे ग्रॅम कच्चं, म्हणजे साधारण अर्धी काकडी आणि एक गाजर, आणि तेवढीच शिजलेली भाजी, हे आरामात जमतं. पण एकदम नको. ज्याला सवय नाही त्याचं पोट फुगतं, सासूबाई ज्याला वात म्हणतात तो तोच. आठवड्याला थोडं थोडं वाढवा. कच्चा कोबी आणि कच्चा कांदा रात्री अनेकांना सोसत नाही, ते दुपारी.

तुमच्या यजमानांसाठी क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि डाळ किंवा उसळ, मग भाकरी, भात शेवटी थोडा. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अभ्यासांत दिसलं आहे. फक्त कोशिंबिरीत कूट हात सैल सोडून घालू नका. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरएक किलोकॅलरी. साखर चिमूटभर, ती नसली तरी चालते. फळांचे रस मुळीच नकोत. आणि गोळी मेटफॉर्मिन एवढीच आहे ना? दुसरी एखादी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर भात-पोळी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, साखर खाली जाऊ शकते.

दही-दूध बंद करू नका. तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ तेवढ्यातूनच मिळतंय.

---

सायलीचा_वेल

बाप रे. दुधीचा रस उद्यापासून बंद. नवरा तो तीन-चारदा प्यायला होता, तोही मिक्सरमध्ये सगळं एकत्र फिरवून.

जिरेगोळी, गोळी मेटफॉर्मिनच. आम्ही अंडी-मासे खातो, शनिवार-रविवार. सासूबाई नाही खात, पण त्यांना दही लागतंच.

परसदार, चोचवायचं काम सासूबाईंना विचारलं तर त्यांनी सुरी हातात घेतली आणि मला उठवलंच बाजूला. मटकीबद्दल कोणी सांगेल का?

---

हॅम्बुर्गचा_पाहुणा

मटकीबद्दल मी सांगतो. २०११ च्या मे-जूनमध्ये मी इथेच उत्तर जर्मनीत होतो. लोक पटापट आजारी पडत होते, रक्ती जुलाब, मग मूत्रपिंडं बंद. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर गेला. सरकारने काकडी, टोमॅटो, लेट्यूस कच्चं खाऊ नका म्हणून सांगितलं, बाजारात काकड्यांचे ढीग पडून राहिले. शेवटी माग लागला तो मोड आलेल्या धान्यांचा, आणि त्यातही इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचा. ई. कोलाय या जंतूचा एक जहाल प्रकार. पन्नासहून जास्त माणसं गेली. मेथीचे मोड हे ऐकल्यावर आमच्या मराठी मंडळात सगळे गप्प झाले होते, कारण तेव्हा प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये काही ना काही मोड आलेलं असायचंच.

कारण साधं आहे. मोड यायला जे लागतं, ऊब आणि ओल, तेच जंतूंनाही लागतं. बियाण्याच्या सालीवर थोडे जरी असले तरी दोन दिवसांत बेसुमार वाढतात, आणि वरून धुऊन जात नाहीत. म्हणून वयस्कर माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांनी कच्चे मोड खाऊ नयेत असं अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनही सांगतं. आपण उसळ करतो ते बरोबरच करतो. कोशिंबिरीत घालायचेच असतील तर चाळणीत ठेवून वाफ द्या, कडक वाफेवर पाच-सात मिनिटं. मूग करकरीत राहतात. मी तसेच खातो, वर कांदा, लिंबू, चाट मसाला.

---

परसदार

+१. त्यात एक भर. मटकी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून स्वच्छ फडक्यात बांधा. फडकं रोजच्या पुसायच्या कपड्यातलं नको, त्याचं वेगळं ठेवा आणि दर वेळी उकळत्या पाण्यातून काढा. पावसाळ्यात मोड पटकन येतात, पण चिकटही पटकन होतं. बोटाला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला की सरळ टाकून द्यायचं, धुऊन वापरायचा मोह नको. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये.

आणि राजम्याला मोड आणून कच्चा खायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, मूठभर खाल्ला तरी उलट्या होतात. भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळलाच पाहिजे.

---

लिंबूटिंबू

पोराचं मी सांगते, माझाही तसाच होता. त्याला 'खा' म्हणू नका. साडेसातला तुम्ही घरी येता तेव्हा सगळे भुकेले असतात ना? त्या वेळी टेबलावर काकडी-गाजराच्या फोडी, पेरू, वर मीठ-तिखट आणि लिंबू असं ताट ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. जेवायला वाढेपर्यंत ताट रिकामं. तेच पानात वाढलं तर कडेला राहतं. शेवेच्या डब्याचा प्रश्नही निम्मा सुटेल. डबा वरच्या फळीवर ठेवा, निम्मा तसा सुटेल.

हिरवी चटणी विसरू नका! कोथिंबीर, पुदिना, खोबरं, मिरची, लिंबू. ती कच्चीच असते आणि कोथिंबीर वेचणाऱ्या पोराला त्यातली कोथिंबीर दिसत नाही. सँडविचमधून आमच्याकडे आठवड्याला जुडी संपते.

---

जिरेगोळी

धुण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पावसाळ्यात पालेभाजी चिखलातून येते. मुळं कापून टाका, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी त्यात बुडवून खळबळा आणि भाजी वर उचलून घ्या. पातेलं उपडं करून गाळणीवर ओतलं की खाली बसलेली सगळी माती परत भाजीवर येते. पाणी बदलून, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हेच. जे कच्चं खायचं ते शेवटी पिण्याच्या पाण्यातून काढा. मग पंचावर पसरून पंख्याखाली कोरडं करा, ओली ठेवलेली भाजी फ्रिजमध्ये सडते. काकडी, गाजर, मुळा सोलायचे असले तरी आधी चोळून धुवा, नाहीतर सालीवरचं सुरीने आत जातं. सुरी-पाट मासळीचा वेगळा.

कोबीतला किडा मेंदूत जातो ही भीती अनेकांना असते. कोबी काही खास दोषी नाही. फीतकृमीची अंडी मैलामिश्रित पाण्यातून कुठल्याही भाजीवर येऊ शकतात. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं काढा, बाकीची सुटी करून धुवा. धुतल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी स्वतः पालेभाज्या कच्च्या खात नाही, सोलता येतील त्याच गोष्टी खाते.

सासूबाईंना: बारीक किसलेलं गाजर किंवा बीट दह्यात कालवून, चोचवलेली काकडी दह्यात, पिकलेली पपई, कोसंबरीतली डाळ थोडी भरड वाटून. मुळा किसणीच्या बारीक बाजूने. आणि त्यांना जे शिजवून हवं ते शिजवूनच द्या, त्या वयात पोटभर आणि पुरेशी प्रथिनं जास्त महत्त्वाची.

---

चुकार_पाहुणा

गव्हांकुराचा रस मात्र सोडू नका. मी रोज घेतो, कॅन्सरसुद्धा बरा होतो.

---

शंकेखोर

असा काही पुरावा नाही. बाल्कनीतल्या ट्रेमध्ये ओलीवर बुरशी धरते ती मात्र डोळ्यांनी बघितलीय. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

---

सायलीचा_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरवलंय ते लिहिते, काही खटकलं तर सांगा.

रात्री पोळीऐवजी एक-दीड भाकरी, भात एक दिवसाआड आणि शेवटी. पहिली वाटी कोशिंबिरीची, पानात नाही, वेगळी, मी भाकऱ्या थापत असताना. सोमवारी काकडी, मंगळवारी गाजर, बुधवारी कोसंबरी, गुरुवारी वाफवलेले मूग, शुक्रवारी बीट दह्यात. रविवारी दाण्याचं कूट करून बरणीत, नारळ खवून फ्रीझरमध्ये, कोथिंबीर-पुदिना निवडून धुऊन कोरडे. सकाळी निघताना फक्त डाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवायची. घोळाणा डिसेंबरात. चुलतभावांना दुधीचं सांगितलं तर ते म्हणाले, आमचा दुधी सेंद्रिय असतो.

एकच राहिलं. नवरा म्हणतो, मला कोशिंबीर ऑफिसच्या डब्यातही दे. सकाळी सातला भरलेली दुपारी एकला खायची. टिकेल का?

---

जिरेगोळी

सेंद्रिय असला तरी कडू होऊ शकतो. तो कडूपणा झाड स्वतःच तयार करतं, फवारणीशी संबंध नाही. सांगा त्यांना.

डब्यात दह्याची कोशिंबीर नको, या दमट हवेत सहा तास बाहेर राहायला नको. चिरलेली काकडीही नको. ऑफिसात फ्रिज असेल तर गोष्ट वेगळी.

---

परसदार

अख्खी काकडी आणि अख्खं गाजर धुऊन, कोरडं करून द्या, सोबत सालकाढणं आणि छोटी सुरी. मीठ-तिखट पुडीत, अर्धं लिंबू वेगळं. आमचे हे वर्षानुवर्षं ऑफिसच्या टेबलावर चिरून खातात. आता शेजारचे दोघंही काकडी घेऊन येतात म्हणे, सुरी मात्र आमचीच वापरतात.